हद्दीबाहेरची मैफल

शेजारच्या रिसॉर्टचा आवाज मी बंद पाडला, ही गोष्ट आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. तोच आवाज पुन्हा यावा म्हणून मी किती खेटे घातले, हे मात्र लोक हसत हसत सांगतात आणि सांगताना पदरचं बरंच घालतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकलेलं बरं.

आमची वाडी नागावात, समुद्राकडे जाणाऱ्या आळीच्या टोकाला. पुढे नारळी, मागे सुपारी, मध्ये कौलारू घर आणि घराच्या नि समुद्राच्या मध्ये हे रिसॉर्ट. ते झालं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मग पहिला शनिवार आला. त्या दिवशी तिथे कुणाची तरी हळद होती आणि तिच्या डीजेने आमच्या मांडणीवरची पातेली थरथरत कडेला आणली नि एकेक करून खाली पाडली. पुढच्या शनिवारी एका कंपनीच्या माणसांनी आपलं कंपनीवर किती प्रेम आहे ते माईकवरून, आळीपाळीने, गाऊन सांगितलं. सरोजिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की खिडक्या लावून घेऊ आणि शनिवारी पातेली जमिनीवर ठेवू. तिचा हा व्यवहारी स्वभाव मला नेहमीच अपुरा वाटत आलेला आहे.

मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत उभी हयात काढली. अर्ज कसा लिहू नये, हे दुसऱ्यांचे अर्ज वाचून मला पाठ झालं होतं. लोक अर्जात रडतात, देवाची शपथ घालतात, शेवटी 'कळावे' लिहून मोकळे होतात आणि पळवाटा तशाच राहतात. माझ्या अर्जात पळवाट नव्हती. 'सदर आवाज अर्जदाराच्या हद्दीत कोणत्याही कारणास्तव ऐकू येता कामा नये,' हे मी लिहिलं. उद्या रिसॉर्टवाले 'हा कार्यक्रम सांस्कृतिक होता' म्हणतील, म्हणून 'कार्यक्रमाचा दर्जा विचारात घेऊ नये' हेही लिहिलं. आणि उद्या त्यांनी मला धमकावून तक्रार मागे घ्यायला लावली तर? तीही वाट मी बुजवली. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं की, भविष्यात अर्जदाराने ही तक्रार मागे घेण्याची विनंती केल्यास ती दबावाखाली केली आहे असे समजून मूळ कारवाई अधिक कडकपणे चालू ठेवावी. हा परिच्छेद मी सरोजिनीला दोनदा वाचून दाखवला. ती दोन्ही वेळा कणीक मळत होती.

अर्जावर सगळ्या आळीच्या सह्या झाल्या. शेजारच्या हमदुल्लाभाईंनी केली. ते मस्कतला कापडाच्या दुकानात आयुष्य काढून परत आले होते आणि आता झोप हीच त्यांची मिळकत होती. समोरच्या मनुबाईंनी केली, कारण त्यांच्या घरगुती खोल्यांत उतरणारे पाहुणे आवाजाने पळत होते. आणि आश्चर्य म्हणजे आदेश आला. रिसॉर्टने स्पीकरची तोंडं समुद्राकडे करावीत, आमच्या बाजूला जाड पडदे लावावेत आणि तक्रार असल्याने आठला सगळं बंद करावं. हमदुल्लाभाईंच्या ओट्यावर मला शहाळं देऊन माझा छोटासा सत्कार झाला. मनुबाईंनी आपल्या फाटकावर 'शांत परिसर' अशी पाटी रंगवून घेतली. मी बरेच दिवस आळीतून जरा हळू चालायचो, म्हणजे लोकांना नमस्कार करायला वेळ मिळावा.

हे सुख थंडी पडेपर्यंत टिकलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नव्वदीला टेकले होते. पावसाळ्यात त्यांची छाती भरली, अलिबागला इस्पितळात राहून आले, आणि आल्यापासून पडवीत खुर्चीवर बसून नुसते समोर बघत. विचारलं तर हो किंवा नाही. जेवण दोन घास. डॉक्टर म्हणाले की शरीरात आता आजार काही नाही, पण माणसाला उद्याचं काहीतरी हवं असतं, ते शोधा. आम्ही शोधलं. मऊ भात झाला, जुने फोटो झाले, पुण्याहून नात अनुया येऊन गेली. अण्णा सगळ्याला हो म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले. मला रात्री झोप लागेना. बाप समोर बसलेला असताना त्याची आठवण यायला लागावी, हे काही बरं लक्षण नव्हे.

मग एका सकाळी हमदुल्लाभाई पडवीत आले आणि सहज म्हणाले, की पुढच्या रविवारी रिसॉर्टवर गाणं आहे, डीजे नाही, बैठकीचं गाणं, कुणी शालन रेवणकर म्हणून बाई आहेत. अण्णांनी मान वळवली. आजारपणानंतर त्यांनी आपणहून मान वळवलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली.

"इथून ऐकू येईल," ते म्हणाले.

ते विचारत नव्हते, सांगत होते. मी सरोजिनीकडे पाहिलं. सरोजिनी पातेल्यांच्या मांडणीकडे पाहत होती.

अण्णा तरुणपणी मुंबईत गिरगावात एका दैनिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायला होते, कायम रात्रपाळीला. गणपतीत रस्त्यावर मांडव पडत, मोठमोठे गवई गात, आणि अण्णा मांडवाबाहेर समोरच्या फूटपाथवर रुमाल पसरून बसत. शालन रेवणकर तेव्हा परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली. अण्णांनी तिला वर्षानुवर्षं फूटपाथवरून ऐकलं, पण कधी शेवटपर्यंत नाही. गाणं रंगात आलं की पाळीची वेळ होई. ते रुमाल झटकून निघत आणि तिची भैरवी कशी झाली हे दुसऱ्या दिवशी प्रुफं वाचणाऱ्या माणसाकडून ऐकत. तो माणूस डोळे मिटून 'काय सांगू' एवढंच सांगे. भैरवी म्हणजे मैफलीतलं शेवटचं गाणं. ती झाली की मैफल संपली. अण्णांची एकही मैफल कधी संपली नाही. एकदा मी विचारलं होतं की मग नंतर रेडिओवर का नाही ऐकलीत. तर म्हणाले, रेडिओवर भैरवी लावतात, तिच्या आधीची रात्र लावत नाहीत.

तर प्रश्न साधा होता. अण्णांना शालनताईंचं गाणं ऐकवायचं, भैरवीपर्यंत. मला वाटलं, हे काय, जाऊन पास आणू. पण ज्यांच्याविरुद्ध आपण अर्ज केला त्यांच्याच दारात पास मागायला जाणं, हे लिहायला सोपं आहे. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो. तिथली व्यवस्थापक रचना नावाची मुलगी, मूळची म्हसळ्याची. तिने मला ओळखलं, पाणी दिलं आणि मी घसा साफ करायच्या आत घरच्या सगळ्यांसाठी पहिल्या रांगेचे पास दिले. 'आजोबांना व्हीलचेअर लागेल का काका' असंही विचारलं. शत्रूने असं वागू नये. आपल्याला मग कुठे बघावं ते कळत नाही.

पास मी अण्णांपुढे धरले. त्यांनी ते चष्मा लावून वाचले आणि परत दिले.

"आत नाही बसायचं मला."

का, तर आत बसलं की गाणारा दिसतो. त्याचे हातवारे दिसतात, पुढच्या रांगेतले माना डोलवणारे दिसतात, कुणाची शाल कुठली हे दिसतं, आणि तेवढं गाणं कमी ऐकू येतं. बाहेर नुसता आवाज येतो. मधली सगळी गडबड ओलांडून जेवढं खरं आहे तेवढंच येतं. हे सगळं अण्णा एका दमात बोलले. त्यांना धाप लागली, पण बोलले. सरोजिनी आत जाऊन डोळे पुसून आली. अण्णांनी पुढे हेही सांगितलं की घराच्या ओट्यावर बसून ऐकायचं, आपल्या दारात गाणं आलेलं असताना बोलावल्याशिवाय ऐकायचं, हे सुख त्यांना गिरगावात मिळालं नाही. त्यांना अर्जाचं काही माहीत नव्हतं. आदेश आला तेव्हा ते इस्पितळात होते, आणि घरी आल्यावर शनिवार शांत का, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी मंदीमुळे असेल म्हणालो होतो.

मी पुन्हा रचनाकडे गेलो. म्हटलं, तेवढ्या एका दिवशी पडदे काढा आणि एक स्पीकर आमच्याकडे वळवा. ती बिचारी खरंच गोंधळली. तिने ड्रॉवरमधून आदेश काढला आणि त्यातलं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, कोणत्याही कारणास्तव आणि दर्जासकट. वाक्य चांगलंच उतरलं होतं. ती म्हणाली की तुम्ही तक्रार मागे घ्या, मी तासाभरात पडदे उतरवते.

म्हणून तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझं नाव ऐकलं आणि खुर्चीवरून अर्धा उठला. "ते तुम्हीच का," म्हणाला. माझा अर्ज त्यांनी नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवायला ठेवला होता. हे ऐकून मला जो आनंद झाला तो चहा येईपर्यंत टिकला. चहाबरोबर मी तक्रार मागे घ्यायचा विषय काढला. त्याने नमुना उघडला, शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे अतिशय काळजीने पाहिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, की कोण दबाव आणतंय. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, असंच म्हणतात सगळे. मी जितकं पटवून देत गेलो तितकी त्याची खात्री वाढत गेली. शेवटी तो म्हणाला की साहेब, घाबरू नका, प्रशासन तुमच्या पाठीशी आहे, आणि त्याने चौकीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दिपेश नावाचा हवालदार मोटरसायकलवरून आमच्या दारात. तरुण, सालस, हातात डायरी. माझ्यावर कोण दबाव आणतंय याची चौकशी करायला त्याला पाठवलं होतं. मी त्याला पडवीत बसलेले अण्णा दाखवले आणि म्हटलं, हे.

"काका, घरचा दबाव आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला. पण त्याने डायरीत काहीतरी लिहिलंच. जाताना धीर दिला, की रविवारी मी स्वतः रिसॉर्टवर बंदोबस्ताला आहे, आठच्या पुढे एक मिनिट माईक चालू देणार नाही, तुम्ही निवांत झोपा.

इतक्यात ही बातमी आळीत फुटली होती. मी तक्रार मागे घेतोय एवढं पुरे होतं. मला रिसॉर्टने काय काय दिलं याची यादी संध्याकाळपर्यंत तयार झाली. अनुयाचं लग्न तिथे फुकट होणार, आमच्या घराला नवीन कौलं येणार, मी तिथे सल्लागार म्हणून लागणार. अनुयाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याने कुणाचं अडलं नाही. शहाळ्याच्या सत्काराला जी माणसं होती तीच आता मी दिसलो की घरात काहीतरी विसरल्यासारखी परत फिरत. मनुबाईंनी तर फाटकातूनच सांगितलं.

"भाऊ, मी दिलेली सही परत घेनार न्हाय. पाटीचा रंग अजून वला हाय माझा."

मी त्यांना समजावलं की एकच दिवस, अण्णांसाठी. त्या म्हणाल्या, अण्णांसाठी मी रोज सोलकढी करून देईन, पण पाटी उतरवनार न्हाय. यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

हमदुल्लाभाई तेवढे बाजूने राहिले, पण त्यांची मदत ही वेगळीच आपत्ती होती. ते म्हणाले, फिकर नको, वायर टाकू, रिसॉर्टच्या मिक्सरपासून थेट तुमच्या पडवीत छोटा स्पीकर. अण्णांनी हात हलवून नकार दिला. वायरीतून आलेलं ते ऐकणार नव्हते, वाऱ्यावरून आलेलं हवं होतं. मग हमदुल्लाभाई म्हणाले की पडद्यांतूनही कुठूनतरी फट असणारच, आपल्या वाडीत एक तरी जागा अशी असेल जिथे आवाज पोचतो. ती शोधू. रचनाने दुपारी माईक चालू ठेवला, तिचा एक माणूस त्यावर आकडे म्हणत राहिला, आणि आम्ही दोघे कानाला हात लावून माझ्याच वाडीत चोरांसारखे फिरलो. विहिरीजवळ काही नाही. गोठ्यात काही नाही. हमदुल्लाभाई या वयात कलमाच्या आंब्यावर अर्धे चढले आणि तिथेच बसले, कारण उतरता येईना. त्यांना उतरवायला शिडी शोधत फिरताना मला अचानक स्वच्छ, खणखणीत "बावीस, तेवीस, चोवीस" ऐकू आलं. आवाज येत होता, आणि जिथे येत होता ती जागा म्हणजे वाडीच्या कोपऱ्यातला आमचा जुना संडास. पडद्यांच्या दोन पट्ट्या तिथेच जोडल्या होत्या आणि फट बरोबर त्याच्या खिडकीसमोर होती. वाडीभर दुसरीकडे कुठेच आकडे पोचत नव्हते.

अण्णांना आम्ही हे सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले की झाडून घ्या, मला चालेल. फूटपाथवर बसलेल्या माणसाला जागेचं काही वाटत नसावं. पण माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. बाहेर आळीतली माणसं, आत अण्णा, आणि दारावर थाप मारून विचारणारा हवालदार दिपेश. हे मी होऊ देणार नव्हतो. वडिलांना गाणं ऐकवता आलं नाही, एवढं दुःख मी सोसलं असतं. पण ते तिथे बसून ऐकताहेत हे मला सोसलं नसतं. मी तसं सांगितलं आणि रागाने पंचा खुंटीवर मारला. तो खाली पडला.

"स्पीकरची तोंडं कुठे आहेत म्हणालात?" सरोजिनीने विचारलं. ती आमसुलं वाळत घालत होती.

समुद्राकडे, मी म्हटलं.

"मग समुद्रावर जाऊन बसा ना."

रिसॉर्टच्या कुंपणापुढची वाळू कुणाच्याही हद्दीत नाही. ती माझी नव्हे, रिसॉर्टची नव्हे, सरकारची आहे, आणि त्यावर रुमाल पसरून बसायला कुणाची परवानगी लागत नाही. मी ज्या आवाजाला आपल्या हद्दीबाहेर हाकललं तो दर शनिवारी तिथेच जाऊन पडत होता. मला हे सुचायला हवं होतं, पण मी आयुष्यभर हद्दीच्या आतला विचार करत आलो. अण्णांना सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. गिरगावातही समुद्र जवळच होता, ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मनुबाईंच्या जावयाच्या घोडागाडीतून अण्णांची स्वारी निघाली. ही गाडी पर्यटकांसाठी असल्यामुळे तिला चहूबाजूंनी रंगीत दिवे होते आणि पाठीवर पोपटाचं मोठं चित्र. गाडी देते म्हणून मनुबाई आपणहून आल्या होत्या, पाटीबद्दल मात्र अवाक्षर नाही. अण्णा ताठ बसले होते, हातात घडी केलेला पांढरा रुमाल. किनाऱ्यावर आलो तर मी थांबलोच. आमची सगळी आळी तिथे चटया टाकून बसली होती. माझ्याकडे बघून सगळ्यांनी एकदम समुद्राकडे पाहायला सुरुवात केली. अर्जावर सही केलेला एकही माणूस घरी राहिलेला नव्हता. आम्ही अण्णांची खुर्ची कोरड्या वाळूत नीट रोवली. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी रुमाल पसरला आणि माझ्या हाताला धरून वाळूत मांडी घातली.

पहिला अर्धा तास भाषणं झाली. दीपप्रज्वलन झालं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचे आभार झाले, एका पाहुण्याने कोकणच्या मातीला संगीताचा वास आहे असं सांगितलं. मी घड्याळ बघत होतो. मग तंबोरे लागले आणि एक वयस्कर, जरा भरड आवाज कुंपणावरून, सूर्य बुडत चाललेल्या पाण्याकडे निघाला.

गाण्यातलं मला काही कळत नाही. अण्णांनी हळूच 'पूरिया' म्हटलं म्हणून मला ते नाव कळलं. पण मी अण्णांकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. इतके महिने मी त्यांच्यापुढे वाट्या नि फोटो धरत होतो, आणि ते इथे होते. मला आनंद झाला होता, आणि हे सगळं आपण जवळजवळ बंदच पाडलं होतं याची भीतीही वाटत होती. पाण्यावर फुगवलेल्या रबरी केळ्यावर बसून ओरडत जाणारे पर्यटकसुद्धा एकदा गप्प झाले. हमदुल्लाभाईंनी मगरिबची नमाज थोडं बाजूला जाऊन आटपली आणि परत येऊन अण्णांच्या मागे बसले. ख्याल झाला, ठुमरी झाली. अंधार पडला. रिसॉर्टमधून "भैरवी" अशी फर्माईश झालेली ऐकू आली आणि अण्णा पाठ ताठ करून बसले.

आठला पाच मिनिटं होती. दिपेश वाळूतून रिसॉर्टच्या फाटकाकडे निघालेला मला दिसला. मी उठून त्याच्यामागे धावलो, म्हणजे वाळूत जितकं धावता येतं तितकं. म्हटलं, अरे दहा मिनिटं, भैरवीच आहे, नंतर संपतंय सगळं. तो थांबला. त्याचं तोंड कसनुसं झालं होतं.

"काका, तुमचीच तक्रार आहे."

माझीच आहे म्हणून तर सांगतोय, मी म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही असं म्हणाल हेही तुम्हीच लिहून ठेवलंय, आणि तसं झालं तर जास्त कडक वागायचं असं वरून आहे. माझा अर्ज माझ्यापेक्षा पक्का होता. तो आत गेला, मी परत येऊन अण्णांशेजारी बसलो, आणि शालनताईंनी भैरवीचे पहिले दोन सूर लावले. ते आम्ही सगळ्यांनी ऐकले. तिसऱ्याला माईक बंद झाला.

मग नुसता समुद्र. आधी तो कुठे होता कोण जाणे, आता दुसरं काहीच नव्हतं. थोड्या वेळाने दिपेश बाहेर आला आणि टोपी हातात घेऊन आमच्यापाशी उभा राहिला. म्हणाला, बाई तशाच गातायत, माईकशिवाय, त्याला कायद्यात काही नाही. पण आमच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. लाटा होत्या, मध्ये कुंपण होतं. मनुबाई चटई झटकू लागल्या. आजूबाजूला माणसं उठायला लागली.

मी अण्णांच्या कानाशी वाकलो. म्हटलं, अण्णा, पास माझ्या खिशात आहेत, चला, धरून नेतो, दोन मिनिटांत आत बसाल.

"भैरवी सुरू झाल्यावर आत शिरत नाहीत," अण्णा म्हणाले. मग उठणाऱ्यांकडे बघून म्हणाले, "आणि उठतही नाहीत. ती गातेय ना? मग बसा."

आवाज काही मोठा नव्हता. पण मनुबाईंनी चटई पुन्हा अंथरली. हमदुल्लाभाई बसले. दिपेशने बूट काढून बाजूला ठेवले आणि तोही बसला. त्या अंधारात आमची अख्खी आळी रिसॉर्टकडे तोंड करून, एक अक्षरही ऐकू येत नसलेल्या गाण्यापुढे गप्प बसून राहिली. कुणी खोकलं नाही. अण्णांचे डोळे मिटलेले होते. मी कान ताणून पाहिलं, काहीच नव्हतं. मी त्यांना विचारलं की तुम्हाला येतंय का ऐकू. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि मला गप्प राहायची खूण केली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग कुंपणापलीकडून टाळ्या आल्या. त्या मात्र स्वच्छ आल्या, बराच वेळ आल्या. अण्णांनी डोळे उघडले आणि दोन्ही हात जोडून त्या दिशेला नमस्कार केला. माझ्या खांद्यावर भार देऊन ते सावकाश उभे राहिले आणि आपला रुमाल आपणच उचलून झटकला.

"आयुष्यात पहिल्यांदा भैरवी संपल्यावर उठलो," ते म्हणाले.

मी खाली वाकून त्यांच्या चपला वाळूतून शोधून काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे नीट ठेवल्या.